मोगरा उन्हानं मरत नाही: काळ्या मातीत पहिल्यांदा मोगरा लावणाऱ्यांसाठी

मे महिना लागला की गावातलं कुणी ना कुणी आमच्या फाटकाशी थांबतं. "वहिनी, तुमचा मोगरा एवढ्या उन्हात फुलते, मंग आमचा काहून गेला?" मी त्यांच्या घरी जाऊन बुंध्याजवळची माती उकरून पाहते. बहुतेक ठिकाणी वर पापुद्रा वाळलेला असतो आणि खाली चार बोटांवर चिखल. झाड उन्हानं जळालं असं सगळ्यांना वाटतं, पण ते पाण्यात गुदमरून गेलेलं असतं.

आमचं गाव विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. माती काळी, चिकण, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. विहिरीचं पाणी मचूळ. अशा ठिकाणी गुलाब रुसतो, अनंत तर पिवळा पडून बसतो. मोगरा मात्र पिढ्यानपिढ्या टिकतो, कारण त्याला तापलेलं ऊन मानवतं. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर जातो तेव्हाही तो कळ्या धरतो. त्याला नको असतं ते साचलेलं पाणी, सावली आणि न छाटता वाढू देणं. या तीन गोष्टी सांभाळल्या तर एकच झाड घरातल्या सगळ्या बायकांच्या वेण्यांना पुरतं.

आधी झाड मोगऱ्याचंच आहे ना, ते पाहा

हे पहिलं काम, आणि नवी माणसं नेमकं हेच सोडतात. माझ्या नणंदेनं बाजाराच्या दिवशी हातगाडीवरून "मोगरा" म्हणून रोप घेतलं. दोन वर्षं जपलं. फुलं आली ती पांढरी, भिंगरीसारखी, वास जवळजवळ नाहीच. ती तगर होती. तगर देवाला चालते, दिसते छान, पण मोगऱ्याची हौस तिच्यावर भागत नाही. दोन वर्षांचं शेणखत आणि पाणी भलत्याच झाडाला गेलं.

फूल नसतानाही मोगरा ओळखता येतो. पान तोडा. देठातून पांढरा चीक आला तर ते झाड मोगरा नव्हे, तगर असण्याचीच शक्यता जास्त. तो चीक डोळ्याला लागू देऊ नका. मोगऱ्याच्या पानाला चीक नसतो. त्याची पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात, कधी एका पेरावर तीनही दिसतात. पान एकसंध, अंड्याच्या आकाराचं, शिरा दबलेल्या, देठ अगदी आखूड. आता ते उलटं करून उजेडात धरा. मधल्या शिरेला बाजूच्या शिरा जिथं फुटतात तिथल्या बेचक्यात बारीक केसांचे पुंजके दिसतात, मुंगीच्या डोक्याएवढे. मी नेहमी हे पाहते, कारण रोपाला कळी नसली तरी पान असतंच.

जाईचं पान वेगळं. एका देठावर पाच-सात पानोळ्या पिसासारख्या लागलेल्या असतात आणि कळीला बाहेरून गुलाबी छटा असते. जुईचं पान लहान. मोठी पानोळी एकच आणि तिच्या बुडाशी दोन चिमुकल्या, कानातल्या कुड्यांसारख्या. कुंदा फसवतो, कारण त्याचंही पान एकसंध असतं. पण कुंद्याचं पान आणि कोवळी फांदी हाताला मखमलीसारखी लागते, सगळ्या अंगावर लव असते. तो थंडीत फुलतो आणि वास जेमतेम. अनंताचं पान गडद, तेल लावल्यासारखं चकचकीत, फूल तळहाताएवढं, दुसऱ्या दिवशी पिवळं पडणारं. मोगऱ्याचं शिळं फूल कडेनं जांभळट-तांबूस होत जातं.

फूल हाती आलं तर शंकाच नको. पाकळ्यांच्या बुडाशी हिरव्या दोऱ्यासारखी सात-आठ टोकं असतात, एखाद्या लहान झुंबरासारखी. एवढी लांब, बारीक हिरवी टोकं तगरीला नसतात. आणि फांदीच्या टोकाला कळ्या बहुधा तिनाच्या झुबक्यात येतात. मधली मोठी, ती आधी उमलते; बाजूच्या दोन मागून.

मोगऱ्यातही प्रकार आहेत. एकेरी मोगऱ्याला पाकळ्यांची एकच रांग, पण फुलं भरपूर. बटमोगरा गोल, गच्च, बटणासारखा. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार. हजारी म्हणजे पाकळ्यांवर पाकळ्या. नावं गावोगाव बदलतात, एका रोपवाटिकेत ज्याला हजारी म्हणतात त्यालाच दुसरीकडे डबल म्हणतात, म्हणून नावापेक्षा कळीचा आकार पाहून घ्या. पहिल्यांदाच लावत असाल तर बटमोगरा किंवा एकेरी घ्या. हजारीची फुलं दिसायला भारी, पण संख्येनं कमी येतात आणि नवख्याचा धीर सुटतो.

रोप कधी आणायचं

एप्रिलमध्ये रोपवाटिकेत कळ्यांनी लगडलेली रोपं मांडलेली असतात आणि मन आवरत नाही. आणलंत तर पिशवीतच राहू द्या, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी. जमिनीत लावण्याची घाई करू नका. मृग बरसल्यावर दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, भेगा बुजू द्या, मग लावा. जूनचा शेवट ते जुलै हा आपल्याकडचा उत्तम काळ. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आहे त्यांना फेब्रुवारीतही लावता येतं, पण मग पहिला उन्हाळा डोळ्यात तेल घालून काढावा लागतो.

रोप उंच नको, फुटवे जास्त असलेलं हवं. एकच लांब काडी आणि शेंड्याला दोन फुलं असलेल्यापेक्षा वीतभर उंचीचं, बुडापासून तीन-चार फांद्या असलेलं रोप कितीतरी चांगलं.

जागा आणि खड्डा

दिवसातून सहा तास तरी थेट ऊन लागेल अशी जागा. कडुनिंबाच्या झाडाखाली मोगरा हिरवागार वाढतो, वेलासारखा लांबतो आणि फूल देत नाही. लोक म्हणतात "झाड वांझ आहे". ते झाड उन्हात हलवून पाहा. फक्त एक जपा: पश्चिमेकडच्या सिमेंटच्या भिंतीला किंवा टिनाच्या शेडला अगदी चिकटून लावू नका. दुपारनंतर टिन इतकं तापतं की त्याच्या झळेनं पानं कडेनं करपतात. अडीच-तीन फूट अंतर पुरे. आणि बोरीच्या काट्यांचं कुंपण कराच, कारण बकऱ्यांना कोवळा मोगरा फार आवडतो.

आता खड्डा. पुस्तकात दीड फूट लांब, रुंद, खोल असा खड्डा सांगतात आणि त्यात माती, शेणखत, रेती भरायला सांगतात. मुरमाड किंवा हलक्या जमिनीत हे अगदी बरोबर. काळ्या जमिनीत मात्र त्यात एक मेख आहे. भोवतालची काळी माती पाणी झिरपू देत नाही. मधे तुम्ही भुसभुशीत माती भरली की सगळ्या आंगणाचं पाणी तिथंच येऊन थांबतं. तो खड्डा राहत नाही, हौद होतो. मोगऱ्याची मुळं त्यात कुजतात.

म्हणून आधी परीक्षा घ्या. खड्डा खणला की त्यात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. जिरलं असेल तर खुशाल लावा. थोडंही उरलं असेल तर खड्डा अर्धा बुजवा आणि वर नऊ-दहा इंच उंचीचा ओटा करा, टोपलं पालथं घातल्यासारखा, बुडाशी तीन फूट रुंद. ओट्यासाठी एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाड रेती, एक भाग पुरतं कुजलेलं शेणखत. उकंड्यातलं वरचं, अजून गरम असलेलं खत घेऊ नका. तळातलं, चहाच्या चोथ्यासारखं सुटं झालेलं घ्या. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा, म्हणजे वाळवीचा त्रास कमी होतो.

आणखी एक छोटी चाचणी. वाटीभर वाळलेली माती घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका. नसेल तर लिंबू पिळा. फसफसलं तर मातीत चुनखडी जास्त आहे. अशा मातीत पुढे पानं पिवळी पडतील हे आत्ताच लक्षात ठेवा. त्यावरचा उपाय खाली सांगते. बांधकामाचा मलबा टाकलेल्या जागी तर मोगरा लावूच नका. सविस्तर माती परीक्षण करायचं असेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

लावताना पिशवी पात्यानं उभी चिरा, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू देऊ नका. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच जमिनीत ठेवा. बुंध्यावर माती चढवू नका. दोन झाडांत चार फूट अंतर ठेवा. सुरुवातीला ओसाड दिसेल, तिसऱ्या वर्षी पुरणार नाही.

पाणी: इथंच झाड जगतं किंवा जातं

लग्न होऊन आले त्या वर्षी आंगणातल्या मोगऱ्याचं पाणी माझ्याकडे आलं. मी रोज सकाळी न चुकता एक बादली घालायचे, पावसाळ्यातसुद्धा, दोन दिवस उघडीप दिसली की लगेच. ऑगस्टमध्ये पानं मलूल झाली. मला वाटलं तहान लागली, मी दीड बादली केली. पंधरा दिवसांत झाड गेलं. सासूबाईंनी ते उपटून माझ्यासमोर धरलं. मुळं काळी पडलेली, बोटानं ओढली की साल निघून आत दोरा उरायचा, आणि वास नालीसारखा. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ऊस लावला होता काय व तू? मोगऱ्याले तहान लागू द्याव लागते, पोरी."

पाणी कमी पडलं तरी पान मलूल होतं आणि जास्त झालं तरी मलूल होतं. वरून पाहून फरक कळत नाही. म्हणून मलूल झाड दिसलं की आधी बोट घाला, मग बादली उचला. बुंध्यापासून वीतभर दूर, दोन पेरं खोल बोट घाला. बोटाला ओल लागली, माती चिकटली तर पाणी नको. कोरडं आलं तर द्या.

ढोबळ हिशोब असा. पावसाळ्यात पाणी द्यायचंच नाही, उलट ओट्याभोवती चर काढून पाणी बाहेर जाऊ द्यायचं. ऑक्टोबरच्या उन्हात आठवड्यातून एकदा-दोनदा. डिसेंबरमध्ये कमी करत आणायचं आणि छाटणीच्या आधी जमिनीतल्या जुन्या झाडाचं पाणी पंधरा दिवस पूर्ण तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. संत्र्याच्या बागेवाल्यांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा, धरायला ते झाडाला ताण देतातच. मोगऱ्याची थोडी पानं गळतील, झाड उदास दिसेल, घाबरू नका. छाटणीनंतर पुन्हा सुरू. मार्च-एप्रिलमध्ये तीन-चार दिवसांनी दीड-दोन बादल्या, सावकाश, मुळांपर्यंत जाईल असं. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, नऊ दिवसांत दिवसाआड. रोज तांब्याभर शिंपडण्यानं वरचा पापुद्रा भिजतो, मुळं वरच राहतात आणि मग खरंच उन्हानं पोळतात.

पहिल्या वर्षाच्या रोपाला हा ताण-बिण काही नको. त्याला थोडं-थोडं, पण नेमानं पाणी द्या.

उन्हाळ्यात बुडाशी सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, तीन-चार इंच पसरा. ओल कितीतरी जास्त टिकते. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, आणि खाली मूठभर कडुनिंबाचा पाला घाला, नाहीतर कुटाराला वाळवी येते.

पाणी कोणतं हेही तितकंच महत्त्वाचं, विशेषतः आमच्यासारख्या खाऱ्या पट्ट्यात. ओट्यावर पांढरी बुरशीसारखी पुटं दिसली आणि पानांची टोकं तपकिरी झाली की ओळखायचं, क्षार साचले. शक्य असेल तर पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून ठेवा आणि उन्हाळ्यात खाऱ्या पाण्यात मिसळून द्या. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी चालतं. न्हाणीतलं साबणाचं, कपड्यांच्या पावडरचं पाणी नको. आता दोन गोष्टी ज्या आपल्याकडे घरोघरी चुकतात. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी लोक झाडाला घालतात. दिवसभर पाणी उडून जातं आणि सगळा क्षार त्या उरलेल्या पाण्यात गोळा होतो. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणीही तसंच, मूळ पाण्यापेक्षा जास्त खारं. दोन्ही फरशी धुवायला वापरा, मोगऱ्याला नको.

छाटणी

मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यावर येते. जुन्या काडीवर येत नाही. हे एक वाक्य नीट समजलं तर छाटणीची भीती जाते. जितके नवे फुटवे तितकी फुलं, आणि नवे फुटवे हवे असतील तर जुन्या काड्या कापाव्याच लागतात.

आमच्याकडे संक्रांतीच्या आसपास छाटणी करतात. तिळगुळाचे दिवस, थंडी उतरायला लागलेली, आणि पंधरा दिवसांच्या ताणानं झाड झोपलेलं. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, दगडावर घासून धार लावा आणि पुसून घ्या. विळ्यानं ओरबाडू नका. सालपट निघालं की तिथून काडी खाली वाळत येते.

झाडाभोवती एक चक्कर मारा. आधी वाळलेल्या काड्या बुडातून काढा. नखानं साल खरवडली आणि आत हिरवं दिसलं नाही की ती काडी मेलेली. मग पेन्सिलीपेक्षा कितीतरी बारीक, पिवळट, आत वळलेल्या फांद्या काढा. मग एकमेकींवर घासणाऱ्या दोघींतली कमजोर. झाडाच्या मधून उजेड दिसायला लागला की आता उरलेल्या सगळ्या फांद्या गुडघ्याइतक्या, म्हणजे साधारण दीड फुटावर आणा. काप कुठं घ्यायचा ते असं पाहा: काडीवर जिथं पानांची जोडी होती तिथं दोन्ही बाजूंना फुगीर ठिपका असतो, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. तो डोळा. त्याच्या पाव इंच वर, किंचित तिरपा काप. फार वर कापलं तर वरचं ठुंड वाळतं, डोळ्याला लागून कापलं तर डोळाच जातो. उरलेली पानंही हातानं खुडून टाका.

कापून झाल्यावर झाड इतकं भकास दिसतं की पहिल्या वर्षी मला रडू आलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुनेनं मोगरा मारला." तीन आठवड्यांत त्या ठिपक्यांतून तांबूस-हिरवी टोकं बाहेर आली, एकेका काडीवर चार-चार. पाडव्याच्या आगेमागे पहिल्या कळ्या आल्या. काकूंनी गुढीला बांधायला माझ्याकडूनच नेल्या.

मोठी छाटणी वर्षातून एकदा. पण हंगामात एक छोटं काम चालूच ठेवायचं. एका फांदीची तिन्ही फुलं होऊन गेली की तिचा शेंडा दोन पेरं खाली खुडायचा. तिथून दोन नवे फुटवे येतात, त्यांना पुन्हा कळ्या. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत असे बहार एकामागून एक येत राहतात. फक्त फुलं तोडून शेंडा तसाच ठेवलात तर झाड थांबतं.

छाटणी झाली की दोन-तीन दिवसांनी बुडाची माती खुरप्यानं हलकी करा, टोपलंभर शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. त्याच दिवशी ताण संपला.

खत

शेणखत छाटणीनंतर आणि एकदा जून-जुलैत. मधल्या काळात कळ्या येताना दर तीन आठवड्यांनी ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, पाणी: सरकीची किंवा शेंगदाण्याची मूठभर ढेप लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस भिजवायची आणि गाळून दहापट पाण्यात मिसळून द्यायची. वास येतो, तेव्हा संध्याकाळी पाहुणे यायचे असतील त्या दिवशी टाळा.

शेतकऱ्याच्या घरात युरियाची गोणी असतेच आणि हात तिकडे जातो. युरियानं मोगरा आठ दिवसांत गर्द हिरवा होतो, पानं तळहाताएवढी, आणि कळ्या गायब. पानांकडे पाहून खूश व्हायचं असेल तर घाला.

पानं पिवळी, कळ्या जांभळ्या

पानं पिवळी पडली की कोणती, ते आधी पाहा. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर खत कमी आहे किंवा पाणी जास्त झालं आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यात शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. काळ्या, चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. कृषी केंद्रात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्तात मिळतं. लिटरला पाच ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळा, ताजं द्रावण करून संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. नवी येणारी पानं हिरवी आली की काम झालं. आधीची फार सुधारत नाहीत.

कळी न उमलता जांभळी पडली आणि तिला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तर आत कळी पोखरणारी अळी आहे. अशा कळ्या, आणि जाळ्यानं एकमेकींना चिकटलेल्या कळ्याही, खुडून गोळा करा आणि जाळून टाका. बुडाशी पडलेल्याही वेचा. झाडाखाली टाकून दिल्या तर पुढची पिढी तिथंच तयार होते. सोबत निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि साबणाचे थोडे थेंब, आठवड्यातून एकदा, उन्हं कलल्यावर.

एप्रिल-मे महिन्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे कोळ्यासारखी जाळी दिसली तर लाल कोळी. पाइप लावून पानांची मागची बाजू सकाळी जोरात धुऊन काढा, तीन-चार दिवस सलग. कोळ्याला कोरडेपणा आवडतो. गंधकाची पावडर फवारतात, पण आपल्या उन्हात, पारा ३५च्या वर असताना गंधक मारलं तर पानं भाजतात. पाणीच बरं.

आणि एक कळकळीनं सांगते. कपाशीसाठी आणलेलं उरलेलं औषध मोगऱ्यावर मारू नका. हे फूल आपण केसात माळतो, देवाला वाहतो, लेकरं नाकाला लावतात, माठात टाकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आंगणात तेच औषध आणायचं काय कारण? तणनाशक मारलेल्या पंपानं तर निंबोळी तेलही फवारू नका. पंप धुतला तरी अंश राहतो आणि मोगऱ्याची पानं पिळवटून जातात. मोगऱ्यासाठी फवारणीचा लहान हातपंप वेगळा ठेवा.

कुंडीत लावायचा असेल तर

बारा-चौदा इंची मातीची कुंडी, बुडाला मोठी भोकं, खाली खापराचे तुकडे. काळी माती थोडीच, रेती आणि खत जास्त. कुंडीला पंधरा दिवसांचा ताण देऊ नका, मुळं वाळतात. पाच-सहा दिवस पाणी कमी करणं पुरे. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी लागतंच, नवतपात संध्याकाळीही. कुंडी तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. दोन-तीन वर्षांनी जानेवारीत बाहेर काढून कडेची मुळं थोडी कापा आणि माती बदला.

कळ्या कधी तोडायच्या

मोगरा सूर्य मावळल्यावर उमलतो. गजऱ्यासाठी कळी पूर्ण फुगलेली, हिरवट छटा जाऊन दुधासारखी झालेली, पण मिटलेली हवी. संध्याकाळी पाच-साडेपाचला तोडा, ओल्या सुती फडक्यात ठेवा. दिवेलागणीला ओवता ओवता हातातच उमलायला लागतात. हिरवट कळी तोडली तर ती उमलत नाही, तशीच काळी पडते. कळी नखानं देठासकट खुडा, ओढू नका. बाजूच्या दोन कळ्या अजून यायच्या असतात.

माठात टाकायची असतील तर चार-पाच फुलं, औषध न मारलेली, स्वच्छ धुऊन रात्री टाका आणि सकाळी काढून घ्या. वावरातून उन्हाचं आलेल्या माणसाला त्या पाण्याचा तांब्या दिला की तो आधी वास घेतो, मग पितो.

एकाची चार

मोगऱ्याला आपल्याकडे बी धरत नाही, काडीपासूनच वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, फार कोवळ्या नाही आणि फार जून नाही अशा काड्या घ्या, वीतभरापेक्षा थोड्या लहान, तीन-चार पेरांच्या. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा. रेती-मातीच्या पिशवीत दोन पेरं बुडतील अशी खोचा आणि सावलीत ठेवा. दीड महिन्यात मुळं धरतात. सगळ्या जगत नाहीत, म्हणून चार हव्या असतील तर दहा लावा.

माझ्या सासूबाई मात्र दाबच करायच्या, आणि मीही तेच करते. जमिनीलगतची एक लवचीक फांदी वाकवायची, मधल्या एका पेराखाली साल चाकूनं बोटाच्या नखाएवढी खरवडायची, तेवढा भाग मातीत दाबायचा आणि वर दगड ठेवायचा. शेंडा बाहेर. फांदी आईच्या अंगावरच असते, म्हणून वाळायची भीती नाही. जुलैत दाबलेली फांदी दिवाळीपर्यंत आपल्या मुळांवर उभी राहते. हलकेच ओढून पाहा. मातीनं धरून ठेवलं तर आईकडून कापून वेगळी करा, पण लगेच उचलू नका. पंधरा दिवस तिथंच राहू द्या, मग हुंडीसकट काढा.

आमच्या झाडाभोवती आत्ता असे तीन दगड ठेवलेले आहेत. एक फांदी नणंदेची आहे. ती तगर काढणार नाही म्हणते, पूजेला लागते. तिच्या समोर, उन्हाच्या बाजूला, तिनं ओटा करून ठेवला आहे.